डोमाजी टेलर बारीक होऊ लागले तेव्हा

दोन हजार सहा साली आमच्या बोरी अरबमध्ये कोणी जाड व्हायला लागलं की लोक त्याचं कौतुक करायचे आणि कोणी बारीक व्हायला लागलं की घाबरायचे. त्याच साली आमचे भासरे डोमाजी टेलर चार महिन्यांत अकरा किलो उतरले. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, ठरवून, मेहनतीनं उतरले. पण हे फक्त त्यांना माहीत होतं. बाकी आम्ही घरातले सगळे त्यांच्याकडे पाहून जीव मुठीत धरून बसलो होतो. आणि त्यातली सगळ्यात शहाणी मी होते, कारण मला या गोष्टीचं प्रशिक्षण मिळालं होतं.

मी दीपा. डोमाजींच्या धाकट्या भावाची, संघदीपची बायको. गावात अंगणवाडी सेविका आहे. दुसऱ्याच्या घरात शिरून मुलाचं वजन किती, बाईनं गोळ्या घेतल्या का, हे दरडावून विचारणं हेच माझं काम. जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात, आणि खोटं म्हणत नाहीत. पण भासऱ्यांपुढं ही जीभ टाळूला चिकटायची. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको मोठ्या दिरांशी थेट बोलत नाही. त्यांच्यासमोरून जाताना डोक्यावर पदर, आणि काही सांगायचं झालंच तर भिंतीला सांगितल्यासारखं, "जेवण झालंय म्हणावं." दीक्षा घेऊन पन्नास वर्षं झाली, घरातले जुने देव गेले, जुनी नावं गेली, पण हा पदर काही गेला नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि मी त्यांच्याशी समोरासमोर एक वाक्य बोललेली नव्हते.

डोमाजींचं दुकान बसस्टँडजवळ. वजन चौऱ्याण्णव किलो. स्टुलावर बसले की स्टूल दिसायचं नाही, माणूस अधांतरी बसल्यासारखा वाटायचा. सकाळी आठला बसायचे ते दिवे लागेपर्यंत. येईल त्या गिऱ्हाइकाबरोबर चहा, तीन चमचे साखरेचा. मशीनच्या खणात दोऱ्याच्या रिळांशेजारी फरसाणाची पुडी. स्वभाव इतका बोलका, की शर्ट शिवायला टाकलेला माणूस शर्ट विसरून गप्पा मारून घरी जायचा. गावातल्या प्रत्येकाच्या गळ्याचं आणि कमरेचं माप त्यांच्या वहीत होतं. कापसाची ती वाईट वर्षं आली तशी नवीन कापडं येईनाशी झाली. लोक जुनेच शर्ट घेऊन यायचे, आत घ्या म्हणायचे. अमक्याची कॉलर दोन बोटं उतरली, तमक्याची कंबर चार बोटं, असं ते घरी येऊन जावेला सांगायचे.

माझी जाऊ म्हणजे प्रभावतीबाई. बाई खमकी, पण एका शब्दाला भ्यायची. शुगर. तिची आई घाटंजीला शुगरनं गेली. आधी बोट कापलं, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत पाय. चौदा महिने ती जखम प्रभावतीबाईनं धुतली. तेव्हापासून कोणाला शुगर आहे असं नुसतं कानावर आलं तरी ती उठून आत जायची. मी तिला चिडवायचे, की तुमच्यासमोर साखरेला साखरही म्हणायची सोय नाही. ती हसायची नाही.

जून महिन्यात शाळेचे गणवेश शिवायची घाई होती. डोमाजींच्या कोळशाच्या इस्त्रीतून एक निखारा त्यांच्या पावलावर पडला. त्यांना कळलंच नाही. काहीतरी जळतंय असा वास आला म्हणून त्यांनी खाली पाहिलं, तर जळत होतं ते त्यांचंच कातडं. दुसऱ्या दिवशी कोणाला न सांगता ते दारव्ह्याला डॉक्टरकडे गेले. शुगर तीनशे दहा निघाली. निखाऱ्याची जखम वरवरची आहे, भरेल, पण तळव्यांची जाणीव कमी झालीय, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. वजन उतरवा, रोज तासभर चाला, बंद बूट घालून चाला, अनवाणी एक पाऊल टाकू नका, नाहीतर एखादा साधा काटा पाय घेऊन जाईल. आणि हे सगळं घरी सांगा.

शेवटचं सोडून डोमाजींनी सगळं ऐकलं. बायकोला शुगर म्हटलं तर ती हाय खाईल, हे त्यांना माहीत होतं. आधी शुगर खाली आणू, मग सांगू, असं त्यांनी ठरवलं. गोळ्या दुकानात बटणांच्या डब्यात ठेवल्या.

हे सगळं आम्हाला फार उशिरा कळलं. आम्हाला दिसलं ते वेगळंच.

आम्हाला दिसलं की तीन भाकरी खाणारा माणूस दीड भाकर खाऊन ताटावरून उठतोय. भात बंद. चहा बंद. दुकानात गिऱ्हाइकानं चहा मागवला की हा माणूस हात जोडून नको म्हणतोय, आणि आमच्याकडे चहाला नको म्हणणं म्हणजे भांडण तरी आहे नाहीतर दुखवटा तरी. गप्पा मारल्या की चहा येतो, म्हणून त्यांनी गप्पाच कमी केल्या. दिवस मावळायच्या आत अंबाडीची भाजी, वरण आणि भाकर खाऊन घ्यायचे आणि मग तोंडात फुटाणे टाकत अंगणात एकटेच बसायचे. पहाटे उठून, दारव्ह्याहून आणलेले पांढरे कॅनव्हासचे बूट चढवून शेताकडच्या पांदणीनं निघून जायचे. कुठं जाता विचारलं तर म्हणायचे, "हवा खाऊन येतो." पन्नाशीतला टेलर बूट घालून हवा खायला जातो, हे बोरी अरबनं याआधी पाहिलेलं नव्हतं.

त्या वर्षी आजूबाजूच्या गावांतून दर पंधरवड्याला कर्जात बुडालेल्या कुठल्यातरी कास्तकाराच्या घरची बातमी यायची. आधी नाव यायचं, मग वय. पुढचं कोणी विचारायचं नाही. म्हणून ऑगस्टमध्ये आम्हा सेविकांना तालुक्याला बोलावून दिवसभराचं प्रशिक्षण दिलं. शिकवायला आलेल्या मॅडमनी एक कागद वाटला. त्यावर सात खुणा होत्या. जेवण कमी होणं, बोलणं कमी होणं, एकटं निघून जाणं, राहिलेली कामं घाईनं उरकणं, आपल्या वस्तू दुसऱ्यांना देऊन टाकणं, सणासमारंभाला नको म्हणणं, झोप उडणं. गावात असा माणूस दिसला तर त्याचं नाव कळवा. आणि मॅडमनी आणखी एक सांगितलं होतं, शंका आली तर त्या माणसाला सरळ विचारा, विचारल्यानं कोणाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही. ते वाक्य मी माझ्या कागदावर लिहून घेतलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

घरी आले, ओसरीवर बसलेल्या भासऱ्यांना पाहिलं आणि कागद पुन्हा उघडला. पहिल्या तीन खुणा तर रोज समोरच दिसत होत्या. त्याच आठवड्यात त्यांनी शिवायची राहिलेली सगळी कापडं पुरी करून ज्याची त्याला नेऊन दिली. आता समजतं, की बसण्याचे तास कमी करायचे म्हणून त्यांना नवीन काम घ्यायचं नव्हतं. मग त्यांनी आपल्या चार पँटी आणि दोन शर्ट शेजारच्या धरमसिंगला देऊन टाकले. ते त्यांना ढगळ होत होते. पण टेलरनं स्वतःचे कपडे आत न घेता देऊन टाकावेत, याचा आम्ही काय अर्थ काढायचा? एका गुरुवारी बाजाराच्या दिवशी ते कापूस खरेदीच्या रिकाम्या वजनकाट्यावर एकटेच उभे असलेले दिसले. आकडा पाहिला, उतरले आणि स्वतःशीच हसले. ते हसणं मला रडण्याहून वाईट वाटलं.

मी संघदीपला म्हटलं, तुम्ही सख्खे भाऊ आहात, विचारा. तो दिग्रसच्या जिनिंगमध्ये हंगामाला मशीनवर असतो, अंगानं आडदांड, पण मोठ्या भावापुढं सातवीतला मुलगा. म्हणाला, "मोठ्या भावाले असं विचाराचं कसं? अन् विचारल्यावर तेच डोक्यात बसलं तं?" मी त्याला मॅडमचं वाक्य वाचून दाखवलं. मग त्यानं उलट मलाच विचारलं, की कागद तुझ्याकडे आहे तर तू काहून विचारत नाहीस. मी पदराकडे बोट दाखवलं. असं आम्ही दोघांनी एकमेकांवर ढकललं.

प्रभावतीबाईला माझा कागद दाखवायची गरजच नव्हती. तिची झोप माझ्या आधीच उडाली होती. ती रोज पहाटे त्यांच्या मागं, दिसणार नाही इतक्या अंतरावरून, तुरीच्या आडोशानं जात होती. पांदणीच्या शेवटी एक जुनी विहीर आहे. डोमाजी विहिरीपर्यंत जायचे, कठड्याला हात लावायचे आणि परत फिरायचे, पुन्हा जायचे, पुन्हा हात लावायचे. असे सहा वेळा. त्या त्यांच्या फेऱ्या होत्या, तेवढ्यात बरोबर तास भरायचा. प्रभावतीबाई तुरीत बसून प्रत्येक वेळी तोंडात पदराचा बोळा कोंबायची. हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी, प्रशिक्षण झालेली बाई, तिला एवढंच म्हणू शकले की बाई, पाणी घ्या.

तिनं एकदा विचारलं. पण कसं, तर, "जेवन काहून कमी केलं?" ते म्हणाले, "भूक नाही लागत." त्यांना तर भुकेनं रात्र रात्र झोप येत नव्हती. दोघंही एकमेकांची काळजी घेत होते आणि दोघंही खोटं बोलत होते. मला आज त्या दोघांचाही राग येतो, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

मग आला दसरा. त्या वर्षी दीक्षेला पन्नास वर्षं होत होती. आख्खी वस्ती नागपूरला निघाली. बाकी नवीन काम बंद ठेवूनही डोमाजींनी दोन महिने आधीपासून सगळ्यांचे पांढरे कपडे शिवले होते, एकेका सदऱ्याला इस्त्री करून दिली होती. निघायच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, मी येत नाही, तुम्ही जा. का ते सांगेनात. त्या गर्दीत पायावर पाय पडला, चप्पल हरवली, तर काय होईल, ही त्यांना भीती. आम्हाला वाटलं, जो माणूस लहानपणापासून या दिवसाबद्दल बोलतो, तो आज नको म्हणतो म्हणजे आता त्याचा जीव कशातच उरला नाही. आमच्या घरचं कोणीच गेलं नाही. मी कागद काढला, सहाव्या आणि सातव्या खुणेवर बरोबर केलं आणि माझ्या यादीत गावातल्या सहा जणांखाली सातवं नाव लिहिलं, डोमाजी. यादीची नक्कल तालुक्याला पाठवून दिली.

आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांचे बूट लपवले.

माझा विचार सरळ होता. बूट नाहीत तर पांदण नाही, पांदण नाही तर विहीर नाही. अंगणवाडीच्या पत्र्याच्या पेटीत, मुलांच्या आहाराच्या पोत्याखाली मी ते बूट कोंबले. डोमाजींनी घर पालथं घातलं. मी चुलीपुढं बसून भाकरी थापत होते. त्यांनी मला विचारलं नाही, कारण ते मला कसं विचारणार? भिंतीकडे पाहून म्हणाले, बूट कोणाले दिसले काय. भिंत गप्प राहिली आणि मीही.

पुढचे दोन-अडीच आठवडे आम्ही त्यांच्यावर प्रेम केलं. त्याला दुसरा शब्द नाही. संघदीप जिनिंगचं काम सोडून दुकानात त्यांच्याजवळ बसून राहिला. प्रभावतीबाई रोज काहीतरी गोड करू लागली. शिरा, तुपाची पोळी, एकदा तर गूळ-तुपाबरोबर रोडगे. ताट पुढं ठेवून ती रडवेल्या तोंडानं म्हणायची, माझ्यासाठी एवढं खा. आणि तो माणूस, ज्यानं चार महिने जिभेला कुलूप लावलं होतं, बायकोचे डोळे पाहून खायचा. कपाळाला घाम यायचा आणि खायचा. मी दारातून पाहायचे आणि मला बरं वाटायचं. चला, जेवतायत.

दिवाळीच्या तीन दिवस आधी पहाटे सगळ्यांची नजर चुकवून, चपलेचा आवाज नको म्हणून, ते अनवाणीच निघाले. खाल्लेलं अंगावर यायला लागलंय हे त्यांना कळत होतं आणि त्यांना राहवेना. परत आले, आंघोळ केली, दुकानात गेले. दिवाळीचं थोडं काम आलं होतं, दोन दिवस मशीन चालवली. तिसऱ्या दिवशी प्रभावतीबाई दुकान झाडायला गेली तर मशीनच्या पायट्यावर तिला काळे डाग दिसले. तेलाचे असतील म्हणून तिनं फडकं लावलं, आणि फडकं लाल झालं.

ती तशीच घरी आली. मी अंगणात होते. तिनं त्यांना खाटेवर बसवलं, उजवा पाय मांडीवर घेतला. करंगळीच्या बुडाशी बाभळीचा काटा मोडून आत गेलेला होता आणि भोवती सगळं निळं पडलं होतं. तिनं अंगठ्यानं त्याच्या बाजूला जोरात दाबलं.

"दुखते?"

"नाही."

तिनं आणखी जोरात दाबलं. पू आला. "आता?"

"नाही म्हनलं ना."

ती थांबली. चौदा महिने तिनं असाच पाय धुतला होता, तिला कोणी काही सांगायची गरज नव्हती. पाय मांडीवरून न काढता तिनं खाली पाहतच विचारलं, "कितीक निंघाली होती?"

 डोमाजींनी एका दमात सगळं सांगितलं. इस्त्रीतला निखारा, दारव्ह्याचा डॉक्टर, तीनशे दहा, गोळ्यांचा डबा, फेऱ्या. म्हणाले, दोनशेच्या खाली आणली होती, अकरा किलो उतरलो होतो, तुला सांगणारच होतो.

मला वाटलं आता ही बाई कोसळेल. मी पुढं झाले. तर ती हसत होती. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ती हसत होती. "शुगर हाय?" ती म्हणाली. "नुसती शुगर? मले वाटलं तुमी मले सोडून चालले. शुगरचा मानूस घरी तं रायते."

त्यांना समजेना ती काय म्हणतेय. मग हळूहळू समजलं. त्यांनी आमच्या दोघींकडे पाहिलं, दारात आलेल्या संघदीपकडे पाहिलं. चार महिने आपण या लोकांना काय पाहायला लावलं, हे त्यांना तेव्हा दिसलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, बूट म्या लपवले." पदर खांद्यावर पडला होता, मी उचलला नाही.

ते रागावले असते तर मला चाललं असतं. ते म्हणाले, "तुले शंका आलती तं विचाराचं होतं ना बेटा. सांगितलं असतं म्या."

त्याच दिवशी त्यांना यवतमाळला नेलं. दिवाळी आम्ही तिथंच वॉर्डात काढली. करंगळी गेली. वजन आधी उतरलं होतं म्हणून एवढ्यावर भागलं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. ते आमचं समाधान करायला होतं की खरं होतं, मला माहीत नाही. जी करंगळी गेली ती मी आणि माझ्या शहाणपणानं घालवली, एवढं मला माहीत आहे. प्रभावतीबाई मला तसं कधी म्हणाली नाही. ती जखम धुवायला बसली, पुन्हा एकदा, आणि या वेळी तिला भीती वाटत नव्हती. चार महिन्यांनी जखम पुरी भरली तेव्हा दोघांसाठी बूट आले. आता ती त्यांच्या बरोबरीनं चालते आणि ताटात किती वाढायचं ते तिच्याच हातात आहे.

पण मी यवतमाळहून परतले त्या दिवशी यातलं काही माहीत नव्हतं. बसमध्ये मांडीवर पिशवी आणि पिशवीत तो कागद होता. माझ्या यादीत सात नावं होती. सातही जणांच्या नावापुढं मी खुणा केल्या होत्या आणि सातांपैकी एकालाही एक शब्द विचारला नव्हता. यादी पाठवून महिना होत आला होता. तालुक्याहून कोणी आलं नव्हतं आणि ते येतील म्हणून मी निवांत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणवाडी उघडायच्या आधी मी तांड्यावर गेले. यादीतलं दुसरं नाव रामसिंगचं होतं. त्याच्या नावापुढं तीनच खुणा होत्या, त्यामुळं मला त्याची फारशी चिंता नव्हती. तो दारात बाजेवर बसला होता. त्याची आई रुपीबाई आत भांडी घासत होती. मी इकडचंतिकडचं काही बोलले नाही. त्याच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, "रामसिंगभाऊ, जीव द्याचा इचार येते काय तुमच्या मनात?"

आत भांड्यांचा आवाज थांबला.  मला वाटलं आता हा मला हाकलून देईल. त्यानं बाजेवरची गोधडी बाजूला सरकवली, मला जागा केली आणि म्हणाला, "बसा ताई. सांगतो."